भाजलेला रुग्ण घरी आल्यावर: वण आखडू न देण्याचे दीड वर्षाचे काम

बर्न्स वॉर्डातून डिस्चार्ज मिळाला आणि जखमेवर कातडी धरली की घरातले लोक हुश्श करतात, आणि नेमकी तिथेच चूक होते. खोल भाजलेल्या जागी तयार होणारा वण पुढचे काही महिने लाल, जाड आणि कडक होत जातो आणि आजूबाजूची कातडी सतत स्वतःकडे ओढत राहतो. तो पुरता शांत व्हायला साधारणपणे १२ ते १८ महिने, काही वेळा २ वर्षेही लागतात. ज्या जखमेला भरायला ३ आठवड्यांहून जास्त काळ लागला किंवा जिथे ग्राफ्ट (शरीराच्या दुसऱ्या भागावरून काढलेली कातडी) लावावे लागले, तिथे हे ओढले जाणे सर्वांत जास्त असते. हात हलवताना दुखते म्हणून हात जवळ घेऊन बसणे, मान ताणते म्हणून उशी घेणे, गरम होते म्हणून प्रेशर गारमेंट (वणावर सतत दाब देणारा, मापाने शिवलेला घट्ट कपडा) कपाटात ठेवणे अशा साध्या सवयींतून हनुवटी छातीकडे खेचली जाते, काखेत कातडीचा पडदा तयार होतो आणि बोटे तळहाताकडे वळून बसतात.

पुढील टप्पे जखम भरत आलेल्या किंवा भरलेल्या रुग्णासाठी आहेत. ताजे ग्राफ्ट लावलेला भाग किती दिवस हलवायचा नाही आणि हालचाल कधी सुरू करायची, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगायचे असते. त्यांची परवानगी मिळेपर्यंत त्या भागाचा व्यायाम घरच्या उत्साहाने सुरू करू नये.

## टप्पा १: डिस्चार्जच्या आधी विचारून घ्यायच्या गोष्टी

डिस्चार्ज कार्डावर औषधे लिहिलेली असतात, पण व्यायाम, स्प्लिंट (सांधा ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार) आणि झोपण्याची स्थिती बहुधा तोंडी सांगितली जाते आणि घरी पोहोचेपर्यंत निम्मी विसरली जाते. म्हणून निघण्याआधी फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट रुग्णाकडून जे व्यायाम करून घेतात, त्यांचे मोबाइलवर चित्रण करून घ्यावे. घरी जो काळजी घेणार आहे, त्याने त्यांच्यासमोर ते सगळे एकदा स्वतःच्या हातांनी करून दाखवावे. कोणता सांधा धोक्यात आहे, कोणते स्प्लिंट दिवसा आणि कोणते रात्री बांधायचे, प्रेशर गारमेंटचे माप कधी घेणार, पुढची ओपीडी कोणत्या वारी आणि रात्री अडचण आली तर कोणाला फोन करायचा, हे पाच मुद्दे कागदावर लिहून घ्यावेत.

उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून झाले असतील, तर पुढच्या शस्त्रक्रियेची गरज पडल्यास काय मंजूर होऊ शकते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) तिथे असतानाच विचारावे. केसपेपर, शस्त्रक्रियेच्या नोंदी आणि पोलिसांत नोंद झाली असेल तर तिची प्रत एकाच फाइलमध्ये ठेवावी. टप्पा ९ मध्ये ही फाइल लागणार आहे.

तपासून पाहा: जिथे अजून पाणी, पू किंवा उघडी जखम आहे, त्या जागा कोणत्या आणि मालिश कुठे करायचे नाही, हे तुम्हाला बोट ठेवून दाखवता येते का? येत नसेल तर अजून घरी निघू नका.

## टप्पा २: झोपणे आणि बसणे

या टप्प्यावर बरीच जागा खर्च करतो आहे, कारण रुग्ण दिवसातून तास-दीड तास व्यायाम करतो आणि उरलेला वेळ झोपलेला किंवा बसलेला असतो. त्या उरलेल्या वेळात सांधे आखडलेले राहिले, तर व्यायामाने कमावलेले सगळे पुसले जाते. लक्षात ठेवायचा नियम एकच आहे: ज्या स्थितीत रुग्णाला आराम वाटतो, बहुतेक वेळा त्याच स्थितीत सांधा आखडतो.

मान आणि गळा भाजला असेल तर डोक्याखाली उशी देऊ नये. त्याऐवजी खांद्यांखाली गोधडीची पातळ घडी ठेवावी, म्हणजे हनुवटी किंचित वर राहून गळ्याची कातडी ताणलेली राहते. मोबाइल मांडीवर ठेवून पाहण्याची सवय इथे फार नुकसान करते. मोबाइल किंवा टीव्ही डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवावा.

काख आणि छाती भाजली असेल तर हात शरीरापासून दूर, खांद्याच्या पातळीपर्यंत आणि किंचित पुढच्या बाजूला झुकवून उशीवर किंवा शेजारच्या स्टुलावर ठेवावा. हात डोक्याच्या मागे जोराने खेचून बांधू नये, कारण त्याने खांद्यातील नसांवर ताण येतो. हाताला मुंग्या आल्या तर स्थिती लगेच सैल करावी.

कोपर सरळ आणि तळहात वर ठेवावा. भाजलेला हात गळ्यातील झोळीत दिवसभर अडकवून ठेवणे ही अगदी नेहमी दिसणारी चूक आहे. त्यात खांदा आणि कोपर दोन्ही एकाच वेळी आखडतात.

हाताच्या पंजाची स्थिती कुठे भाजले त्यावर ठरते. पंजाच्या मागच्या बाजूला भाजले असेल, तर मनगट थोडे मागे, बोटांची मुळे वाकलेली, बोटे सरळ आणि अंगठा बाजूला अशी स्थिती स्प्लिंटमध्ये दिली जाते. तळहात भाजला असेल, तर उलट पंजा पूर्ण उघडा आणि बोटे फाकलेली ठेवावी लागतात. गरम तव्यावर किंवा इस्त्रीवर हात टेकलेल्या लहान मुलांत हा दुसरा प्रकार असतो, म्हणून एका रुग्णाचे स्प्लिंट पाहून दुसऱ्यासाठी तसेच करून घेऊ नये.

मांडी, गुडघा आणि घोटा भाजला असेल तर गुडघ्याखाली उशी ठेवू नये. पाय सरळ, दोन पायांत थोडे अंतर आणि पाऊल घोट्यात ९० अंशांत उभे राहील असा आधार द्यावा. जांघ भाजलेल्या रुग्णाने दिवसातून काही वेळ पालथे झोपावे, कारण तासन्‌तास खुर्चीत बसल्याने जांघ वाकलेलीच राहते.

सावधान: स्प्लिंट काढल्यावर कातडीवर उमटलेली लाली अर्ध्या तासात गेली नाही, बोटे निळसर पडली किंवा बधिर झाली, तर ते स्प्लिंट पुन्हा घालू नका आणि थेरपिस्टला दाखवा. उष्णतेने आकार दिलेले प्लास्टिकचे स्प्लिंट गरम पाण्यात धुतले किंवा उन्हात, बंद गाडीत ठेवले तर त्याचा आकार बिघडतो.

## टप्पा ३: रोजच्या कामाचा क्रम

सगळे व्यायाम करूनही उपयोग झाला नाही, अशी तक्रार बऱ्याच घरांतून येते. तिथे नीट पाहिले तर कोरड्या, कडक वणावर सकाळी उठल्या उठल्या जोर लावलेला असतो. त्यात कातडीला भेगा पडतात, रुग्ण घाबरतो आणि दुसऱ्या दिवशी व्यायाम टळतो. पुढील क्रम मोडू नये.

1. वेदनाशामक गोळी. डॉक्टरांनी दिलेली असल्यास ती व्यायामाच्या अर्धा ते पाऊण तास आधी घ्यावी. व्यायाम संपल्यावर घेतलेल्या गोळीचा या कामासाठी फारसा उपयोग नाही.

2. अंघोळ. कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरावा. आधीच्या दिवशी लावलेल्या तेलाचा किंवा मलमाचा थर हलक्या हाताने पूर्ण निघाला पाहिजे. घासणी, दगड किंवा उटणे वापरू नये. नव्या कातडीला उष्णता नीट जाणवत नाही, म्हणून पाण्याचा अंदाज रुग्णाच्या न भाजलेल्या भागाने किंवा दुसऱ्या माणसाने घ्यावा. बधिर वणावर दुसऱ्यांदा चटका बसल्याची उदाहरणे कमी नाहीत.

3. ओलावा. ग्राफ्टच्या आणि खोल वणाच्या जागी तेलग्रंथी उरलेल्या नसतात, त्यामुळे ती कातडी आपणहून मऊ राहू शकत नाही. अंग टिपून किंचित ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावावे. सुगंधी क्रीम आणि टाल्कम पावडर टाळावी.

4. मालिश. अंगठ्याने किंवा बोटांच्या पेरांनी वण पांढरट पडेल इतका दाब देऊन, त्याच जागी कातडी लहान वर्तुळात हलवावी. बोट कातडीवरून घसरता कामा नये, कातडी खालच्या थरावरून सरकली पाहिजे. एका भागाला ५ ते १० मिनिटे, दिवसातून ३–४ वेळा हे करावे. कातडी नुकतीच आलेली असताना पहिले काही आठवडे फक्त हलका दाब द्यावा, नाहीतर फोड येतात.

5. ताण. सांधा हळूहळू त्या टोकापर्यंत न्यावा, जिथे वण पांढरट पडतो आणि ओढ जाणवते, आणि तिथे शांतपणे मोजत धरून ठेवावा. झटके देऊ नयेत. एकाहून अधिक सांध्यांवरून जाणारा वण असेल, उदाहरणार्थ काखेपासून मनगटापर्यंत, तर शेवटी ते सगळे सांधे एकत्र ताणावेत.

6. स्वतःची हालचाल. ताण दिल्यावर लगेच त्या अवयवाने खरे काम करावे: केस विंचरणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, कपडे दोरीवर वाळत घालणे, कणीक मळणे, शर्टाची बटणे लावणे. रुग्णाला घास भरवणे, त्याची वेणी घालणे ही माया समजण्यासारखी आहे, पण हात चालत असतील तर ती हातांच्या मुळावर येते.

7. स्प्लिंट आणि प्रेशर गारमेंट. ताणून मिळवलेली लांबी टिकवण्यासाठी ही शेवटची पायरी आहे. व्यायामानंतर तासभर मोकळे बसून मग स्प्लिंट बांधले, तर तेवढ्या वेळात वण पुन्हा मागे ओढला जातो.

ओठ आणि गाल भाजले असतील तर तोंड मोठे उघडणे, दोन्ही कोपरे बाजूला ताणणे आणि गाल फुगवणे हे व्यायाम प्रत्येक जेवणाआधी जोडून घ्यावेत, म्हणजे ते विसरले जात नाहीत.

पायाला ग्राफ्ट असेल, तर उभे राहण्याआधी बोटांच्या मुळापासून वरपर्यंत क्रेप बँडेज बांधावे आणि बसताना पाय लोंबकळत ठेवू नये. पाय खाली सोडताच तो जांभळा पडतो आणि ठणकतो. बँडेज वरच्या बाजूला जास्त घट्ट बांधले तर पाऊल सुजते, म्हणून घट्टपणा खालून वर कमी होत गेला पाहिजे.

सावधान: कोपराची हालचाल सुधारत असताना अचानक कमी झाली, टोकाला कठीण अडथळा लागू लागला आणि दुखणे वाढले, तर जोर लावणे थांबवून एक्स-रे काढून घ्या. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णांत सांध्याभोवती नवे हाड तयार होऊ शकते.

## टप्पा ४: दर रविवारी मोजमाप

रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही. हालचाल महिन्याभरात बोटभर कमी झालेली असते आणि ओपीडीत गेल्यावर कळते. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी पुढील गोष्टी तपासून वहीत लिहाव्यात आणि त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढावा:

- मान मागे करून बसल्या जागेवरून छत दिसते का
- भिंतीला बाजूने उभे राहून हात किती वर जातो. तिथे पेन्सिलची खूण
- तळहात टेबलावर सपाट टेकतो का आणि पूर्ण मूठ मिटते का
- तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात का
- झोपल्यावर गुडघ्याची मागची बाजू अंथरुणाला लागते का
- झोपल्यावर दोन्ही डोळे पूर्ण मिटतात का

सलग दोन आठवडे एखादे माप कमी होत असेल तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. शेवटचा मुद्दा मात्र आठवड्यावर टाकायचा नाही. पापणी ओढली जाऊन डोळा उघडा राहत असेल, तर बुबुळ कोरडे पडून जखम होते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

## टप्पा ५: प्रेशर गारमेंट आणि सिलिकॉन

गारमेंट दिवसाचे सुमारे २३ तास घालायचे असते. अंघोळ, मालिश आणि व्यायाम यांपुरतेच काढायचे. रात्री काढून ठेवले तर त्याचा फायदा कमी होतो. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात हे सांगणे सोपे आहे आणि पाळणे अवघड, हे खरे. तरी उन्हाळ्यात दुपारचा वेळ घरातल्या सर्वांत गार खोलीत काढणे आणि गारमेंट जास्त वेळा बदलणे हाच त्यावरचा मार्ग आहे. त्यासाठी दोन जोड हवेतच, एक अंगावर आणि एक वाळत. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावे, पिळू नये, सावलीत वाळवावे आणि इस्त्री करू नये. साधारण तीन महिन्यांत कापडाचा ताण संपतो. ते घालायला सोपे जाऊ लागले म्हणजे रुग्ण सुधारला असे नाही. बहुधा ते बदलायला आले आहे. वाढत्या वयाच्या मुलांचे माप त्याहून लवकर घ्यावे लागते.

शिंप्याकडून अंदाजाने शिवून घेतलेले घट्ट कापड किंवा बाजारातला गुडघ्याचा पट्टा त्याची जागा घेऊ शकत नाही. माप घेऊन योग्य दाबाचे गारमेंट आणि स्प्लिंट बनवून देणारे विभाग मोठ्या पुनर्वसन केंद्रांत असतात. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय शारीरिक वैद्यक व पुनर्वसन संस्था आणि नवी मुंबईत ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर इथे चौकशी करता येईल; अन्यत्र जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या फिजिओथेरपी विभागापासून सुरुवात करावी.

वण मऊ आणि सपाट होण्यासाठी वापरायची सिलिकॉनची पट्टी पूर्ण भरलेल्या कातडीवरच लावावी. पहिल्या दिवशी तीन-चार तास, मग हळूहळू वाढवत रोज किमान १२ तास, आणि हे काही महिने चालू ठेवावे. पट्टी आणि कातडी रोज धुवावी. घामोळ्यांसारखे पुरळ आले तर ते जाईपर्यंत थांबून कमी तासांनी पुन्हा सुरुवात करावी.

## टप्पा ६: खाज, ऊन आणि घाम

खाजेला घरचे लोक किरकोळ समजतात आणि रुग्ण तिच्यापायी रात्र-रात्र जागतो. ओलावा वारंवार लावणे, सुती कपडे, गार पाण्याची पट्टी आणि नखे कापलेली ठेवणे यांनी पुरेसा फरक पडला नाही, तर डॉक्टरांकडून औषध घ्यावे. ॲलर्जीच्या गोळ्यांशिवाय नसांच्या खाजेवरचीही औषधे आहेत, पण ती स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नयेत.

वण लाल असेपर्यंत त्यावर ऊन पडू देऊ नये, नाहीतर काळे डाग कायमचे राहतात. छत्री, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा आणि उघड्या भागावर एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन, हे निदान पहिली दोन वर्षे पाळावे. ग्राफ्टमधून घाम येत नसल्याने मोठा भाग भाजलेल्या माणसाला उष्माघात लवकर होऊ शकतो. भट्टीजवळचे किंवा भर उन्हातले काम ठरवताना याचा विचार आधी व्हावा.

## टप्पा ७: ताट

मोठ्या भाजण्यानंतर शरीर कित्येक महिने स्नायू झिजवत असते आणि नेमक्या त्याच काळात ‘भाताने पू होतो’, ‘आंबट नको’, ‘डाळ-अंडी नकोत’ म्हणून रुग्णाला मऊ खिचडी आणि साबुदाण्यावर ठेवले जाते. या पथ्याला आधार नाही. उसळी, वरण, दही, दूध, पनीर, अंडी, मासे, चिकन, शेंगदाणे यांतले जे घरात खातात ते प्रत्येक जेवणात असावे. लिंबू, आवळा, पेरू आवर्जून द्यावेत. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असल्यास प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. वजन दर आठवड्याला त्याच रविवारच्या वहीत लिहावे. तंबाखू आणि विडी पूर्ण बंद.

## टप्पा ८: मन आणि घर

घरातले आरसे काढून टाकणे आणि जबरदस्तीने आरशासमोर उभे करणे या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. कधी पाहायचे हे रुग्णाने ठरवावे आणि त्या वेळी विश्वासाचे एक माणूस शेजारी असावे. भेटायला येणाऱ्यांनी ‘कसे झाले’ हे पुन्हा पुन्हा विचारू नये, ही जबाबदारी घरातल्या एकाने घ्यावी. गॅस पेटवल्याचा आवाज ऐकून दचकणे, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणे, झोप न लागणे, कोणाशी न बोलणे हे महिनाभरानंतरही चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. भाजणे हा जीव देण्याचा प्रयत्न असेल, तर मनाचा उपचार पहिल्या दिवसापासून, व्यायामाच्या बरोबरीने चालला पाहिजे.

एक गोष्ट स्पष्टच लिहायला हवी. विवाहित स्त्री भाजलेली असेल, तर ‘स्टोव्हचा भडका उडाला’ या उत्तरावर थांबू नये. माहेरच्या माणसाने, आशाताईने किंवा डॉक्टरांनी तिला एकटीला, सासरचे कोणी जवळ नसताना विचारावे आणि ज्या घरात तिला पाठवायचे ते सुरक्षित आहे का, हे डिस्चार्जच्या आधी ठरवावे. मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि तातडीच्या वेळी ११२ आहे.

## टप्पा ९: शाळा, काम आणि कागद

मुलाला शाळेत पाठवण्याच्या आधी वर्गशिक्षकांना भेटावे आणि त्यांनी वर्गाला मूल येण्यापूर्वी सांगावे, अशी विनंती करावी. ‘मला भाजलं होतं, आता बरं आहे, दुखत नाही’ असे एक छोटे उत्तर मुलाकडून घरी बोलून घ्यावे. मोठ्यांनी कामावर एकदम पूर्ण वेळ जाण्याऐवजी काही तासांपासून सुरुवात करावी. स्वयंपाकघरात परतताना शेगडी जमिनीवर न ठेवता ओट्यावर असावी आणि पदर किंवा ओढणी खोचलेली असावी.

कायमची मर्यादा राहिली असेल तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज करता येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ॲसिड हल्ल्यातील पीडितांचा स्पष्ट उल्लेख आहे. सांधे आखडलेल्या इतर भाजलेल्यांची तपासणी चलनविषयक दिव्यांगत्वाखाली होते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. ॲसिड हल्ल्यातील पीडितांना खासगी रुग्णालयानेही विनामूल्य उपचार देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतील अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे लागते. कामावर असताना भाजलेल्या कामगाराने नुकसानभरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करावा. उपचार संपू देत मग बघू, असे म्हणत ही मुदत हातची जाते.

## टप्पा १०: पुन्हा शस्त्रक्रिया कधी

वण शांत होण्याआधी केलेल्या सुधारणा-शस्त्रक्रियेचा फायदा टिकत नाही, म्हणून डॉक्टर सहसा वर्षभर तरी थांबायला सांगतात. याला अपवाद आहेत: न मिटणारी पापणी, जेवता येणार नाही इतके लहान झालेले तोंड, छातीला चिकटत चाललेली मान आणि मुलांचे वाकत चाललेले हात. यांत थांबू नये. मुलांमध्ये हाड वाढते, वण तितका वाढत नाही, त्यामुळे सगळे ठीक असले तरी वाढ पूर्ण होईपर्यंत दर वर्षी तपासणी लागते. छाती भाजलेल्या मुलींची तपासणी वयात येताना विशेष लक्ष देऊन करावी. शस्त्रक्रियेने सुटलेला सांधा पुन्हा आखडू शकतो, म्हणून त्यानंतर टप्पा २ पासून सगळे पुन्हा सुरू करावे लागते.

सावधान: जुन्या वणावर, भाजून कितीही वर्षे झालेली असोत, एखादी जखम काही आठवडे भरत नसेल, कडा जाड होत असतील किंवा तिला दुर्गंधी येत असेल, तर फक्त मलमपट्टी करत बसू नका. अशा जखमेत कर्करोग होऊ शकतो. सर्जनला दाखवून तिचा तुकडा तपासायला पाठवायचा की नाही, हे विचारा.